नातवाच्या झोपेची तपासणी

घरात बिनकामाची माणसं दोनच होती. एक आप्पा आणि दुसरा त्यांचा आठ महिन्यांचा नातू. बाकी सगळे कामाला जुंपलेले. आप्पांचे चिरंजीव बोटीवर इंजिनीअर, त्यामुळे वर्षातले बरेच महिने ते फक्त फोनच्या पडद्यावर, मान वाकडी करून दिसत. आप्पांच्या पत्नी, ज्यांना नातू झाल्यापासून सगळे आजीच म्हणू लागले होते, पोस्टमास्तर होत्या. आपल्याला निवृत्त व्हायला अजून अवकाश आहे, हे त्या आप्पांना आठवड्यातून एकदा तरी ऐकवत. आणि सूनबाई होती भूलतज्ज्ञ.

आता गंमत बघा. जिच्या एका सुईसरशी भलेभले आडदांड लोक दहापर्यंत आकडे म्हणता म्हणता चारावरच आडवे होत, तिला स्वतःच्या पोटचा गोळा झोपवताना नाकी नऊ येत होते. पोरगं झोपायचं ते फक्त तिच्या खांद्यावर, आणि तेही त्याला वाटेल तेव्हा. कधी सकाळी अकराला, कधी दुपारी चारला, कधी पाहुणे उठून चपला घालत असताना. त्याला खाली ठेवायला जावं की तो डोळे उघडून अशा काही नजरेनं बघायचा, की ठेवणाऱ्यालाच अपराध्यासारखं वाटावं.

हे सगळं चाललंही असतं. पण सूनबाईची रजा संपत आली होती, आणि तिच्या हॉस्पिटलात हृदयाच्या शस्त्रक्रियांचा नवा विभाग सुरू होत होता. तिथली भूलतज्ज्ञाची जागा तिला देऊ केली होती. या जागेसाठी ती लग्नाआधीपासून धडपडत होती. जेवणाच्या टेबलावर तिनं विषय काढला.

"आप्पा, मी या आठवड्यात फक्त दुपारी जाऊन बघते. तो माझ्याशिवाय झोपला, तर पुढच्या सोमवारपासून पूर्ण वेळ जाईन. नाही झोपला तर मी ही जागा घेत नाही. तो इथे रडत बसणार आणि मी तिथे दुसऱ्यांचे ठोके मोजणार, ते मला जमायचं नाही."

"म्हणजे नोकरी सोडणार?"

"सध्यापुरती."

सध्यापुरती या शब्दाचा अर्थ घरात सगळ्यांना कळत होता. आजींनी ताटातली नजर वर केली नाही. आप्पांनी मात्र घास खाली ठेवला.

"सूनबाई, तू निर्धास्त जा. त्याची झोप मी लायनीवर आणतो."

हे बोलण्याचा अधिकार आपल्याला आहे, असं आप्पांना मनापासून वाटत होतं. त्यांची उभी हयात वजनमापे निरीक्षक म्हणून गेली होती. दुकानदारांचे तराजू तपासायचे, खोटी वजनं जप्त करायची, खऱ्यांवर शिक्का मारायचा. बिघडलेला कुठलाही काटा वेळ देऊन, न चिडता, पुन्हा शून्यावर आणता येतो, यावर त्यांची श्रद्धा होती. निवृत्तीनंतर मात्र त्यांना तपासायला काही उरलं नव्हतं. दुधाची पिशवी ते घरच्या काट्यावर ठेवून बघत, पण ती दर वेळी बरोबरच भरे. खरं सांगायचं तर आप्पा आतून खंतावलेले होते. सकाळी सगळी मंडळी घाईघाईनं बाहेर पडत, तेव्हा दार लावून घेणारा माणूस आपण, हे त्यांना सलत होतं. हे काम चालून आलं आणि त्यांनी विडा उचलला.

पहिल्या दुपारी त्यांनी बैठकीच्या खोलीत जमिनीवर गादी घातली, चहूबाजूंनी उशांचा तट उभारला, पडदे ओढले आणि नातवाला मधोमध ठेवून शेजारी आडवे झाले. अंगाई त्यांना एकही येत नव्हती. तो विभाग आजींचा, आणि आजी पोस्टात. मग आप्पांनी जे तोंडपाठ होतं ते सुरू केलं. मिलिग्रॅम, सेंटिग्रॅम, डेसिग्रॅम, ग्रॅम. एका संथ, एकसुरी लयीत, पोराच्या पाठीवर थोपटत. डेकाग्रॅम. हेक्टोग्रॅम.

सूनबाई परत आली तेव्हा आप्पा उताणे, तोंड उघडं, मिशा वर-खाली होताहेत, आणि नातू त्यांच्या छातीला टेकून टुकटुकीत बसलेला. चष्म्याची एक काडी त्याच्या तोंडात होती.

"आप्पा, झोपला होता का हा?"

"कोण?" आप्पा उठून बसले. "मी कुठे झोपलो होतो? डोळे मिटून पडलो होतो."

"तुम्ही नाही. हा."

डोळा लागला तेव्हा पोर जागं होतं, डोळा उघडला तेव्हा पोर जागंच होतं. मधल्या काळाचा पंचनामा करायला कोणीच हजर नव्हतं. सूनबाईनं पोराला उचलून घेतलं आणि त्याचा चेहरा निरखत राहिली.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी मदत मागवली. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी चार मुलं वाढवली होती आणि त्या चौघांतल्या एकालाही मध्ये बोलू दिलं नव्हतं. मुलांच्या बाबतीत इमारतीत त्यांचा शब्द शेवटचा. त्या आल्या त्याच पदर खोचून.

"पुरुषांना थोपटता येत नाही. तुम्ही थोपटताय की गादी झटकताय? व्हा बाजूला. तुम्ही तुमचं ते ग्रॅमग्रॅम म्हणा, हात मी चालवते."

आप्पा म्हणू लागले. काकू थोपटू लागल्या. ग्रॅमपाशी काकूंचा हात मंदावला, डेकाग्रॅमपाशी थांबला. आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं, आता यांना उठवावं की काय असा विचार केला, आणि तो विचार पुरता व्हायच्या आत स्वतः हेक्टोग्रॅमला गेले. जाग आली तेव्हा नातू काकूंच्या बांगड्या मोजत होता.

"मेलं पोर झोपतच नाही!" काकू घाईघाईनं अंबाडा बांधत म्हणाल्या. "आणि हे बाहेर बोलू नका हं, आप्पा. मला दुपारी झोपायची सवयच नाही."

आप्पांनी शब्द दिला. पण खुद्द काकूंनाच इतकी गाढ झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती, आणि असं सुख पोटात ठेवणारी ती बाई नव्हती. संध्याकाळपर्यंत जिन्यात बातमी होती.

तिसऱ्या दिवशी शेजारचे निवृत्त न्यायाधीश आले. ते खरं तर तक्रार घेऊन आले होते. दुपारी भिंतीपलीकडून मंत्रासारखं काहीतरी ऐकू येतं, त्यानं त्यांच्या वाचनात व्यत्यय येतो, वगैरे. साहेबांना निद्रानाश होता. कोर्टात होते तोवर दुपारचे युक्तिवाद ऐकताना त्यांचा डोळा छान लागत असे, पण निवृत्त झाले आणि ती सोय गेली. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, बागेत अनवाणी चालणं झालं. काही लागू पडलं नाही.

"बसा ना साहेब, तुम्हीच ऐका आणि काय ते ठरवा," आप्पा म्हणाले.

साहेब खुर्चीत ताठ बसले. डेसिग्रॅमला त्यांनी हरकत घेण्यासाठी बोट वर केलं. ते बोट तसंच हवेत राहिलं आणि साहेब गेले. गेले म्हणजे झोपी गेले. चहाच्या वेळेला उठले तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते. त्यांनी आप्पांचा हात हातात घेतला आणि "उद्या किती वाजता?" एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःची उशी घेऊन आले आणि बरोबर एका बँक मॅनेजरांना घेऊन आले. काकू आल्याच होत्या. पाळण्याची करकर बंद करायला बोलावलेला सुतार पटाशी हातात घेऊन पाळण्याखालीच निद्रिस्त झाला. नातू सगळ्यांमधून रांगत फिरत होता, एकेकाचा चेहरा बघत होता, कोणाच्या नाकात बोट घालत होता. आप्पांना शेवटचं दिसलं ते एवढंच. पुढे हेक्टोग्रॅम आला.

रोज परत आल्यावर सूनबाईचा एकच प्रश्न असे आणि आप्पांचं एकच उत्तर.

"झोपला?"

"मी बघितलं तेव्हा तर जागा होता."

चिरंजिवांनी बोटीवरून तोडगा सुचवला. फोन उभा करून ठेवा, चित्रीकरण चालू ठेवा, म्हणजे दूध का दूध. आप्पांनी पुस्तकांच्या आधारानं फोन उभा केला. संध्याकाळी सगळे दाटीवाटीनं बघायला बसले. सुरुवातीला आप्पांचे तळपाय दिसले. मग नातू दिसला, जवळ जवळ आला, फारच जवळ आला, आणि त्यानंतर पडद्यावर बराच वेळ नातवाच्या तोंडाचा आतला भाग होता. खालचे दोन दात फार स्पष्ट आले होते. शेवटी लाळेनं फोन बंद पडला आणि तो तांदळाच्या डब्यात ठेवावा लागला.

"दात छान येताहेत," आजी म्हणाल्या.

सूनबाई हसली नाही. "अख्खी दुपार जागा राहून हा चिडचिड कशी करत नाही? मला हेच कळत नाही. लहान मूल इतकं जागं राहूच शकत नाही, आप्पा. कदाचित तो माझी वाट बघत बसत असेल."

हे शेवटचं वाक्य तिनं अगदी हळू म्हटलं, पण आप्पांच्या काळजाला ते बरोबर लागलं.

यात सोसायटीचे सेक्रेटरी उपटले. त्यांनी आप्पांच्या दाराबाहेरच्या चपला पाहिल्या होत्या. सूचनाफलकावर टाचणीनं कागद लागला, की एका निवासी सदनिकेत दुपारच्या वेळी विनापरवाना निद्राकेंद्र चालवलं जात असल्याचं निदर्शनास आलं असून समिती प्रत्यक्ष पाहणी करेल. आप्पांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसानं जन्मभर इतरांच्या दुकानांवर छापे घातले, त्याच्यावर छापा!

"मी कोणाला बोलावलेलं नाही," ते दारातच म्हणाले. "माझ्याकडे एकच ग्राहक आहे, आणि तोच तेवढा झोपत नाही."

"ते आम्ही बघू," सेक्रेटरी म्हणाले. "आमच्या वेळी मुलं आपोआप झोपायची. नेमकं काय करता ते करून दाखवा."

आप्पांनी करून दाखवलं. समितीत तिघे होते. खजिनदार सेंटिग्रॅमला पडले, सहसचिव ग्रॅमला. सेक्रेटरी मोठ्या जिद्दीनं मांडीला चिमटे काढत डेकाग्रॅमपर्यंत पोचले, पण पोचून काही उपयोग झाला नाही. त्या दिवशी सूनबाईनं लॅचनं दार उघडलं तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. न्यायाधीश, बँक मॅनेजर, काकू आणि अख्खी व्यवस्थापन समिती घोरत होती. नातू मधोमध बसून सेक्रेटरींच्या पाहणीचा कागद खात होता.

तिनं कागद त्याच्या तोंडातून काढला आणि आप्पांना हलवलं. मंडळी डोळे चोळत, नजरा चुकवत निघून गेली. मग ती आप्पांच्या समोर बसली.

"आप्पा, रागावू नका. तुमच्यावर माझा राग नाही. पण उद्या शनिवार. उद्या संध्याकाळी मी मोठ्या डॉक्टरांना नाही म्हणून सांगणार आहे."

"अगं, अजून एक दुपार आहे ना?"

"हो, एक दुपार आहे." तिनं पोराचं डोकं हुंगलं. "भूल देऊन आम्ही झोपत नाही, आप्पा. पेशंट उठेपर्यंत त्याच्या श्वासाकडे बघत बसावं लागतं. तसं बघणारं कोणीतरी ह्याच्याजवळ हवं."

ती हे टोचून बोलली नव्हती. टोचून बोलली असती तर आप्पांना भांडता तरी आलं असतं. ते आत जाऊन कॉटवर बसून राहिले. आजी आल्या, शेजारी बसल्या. "अहो, एवढं काय मनाला लावून घेता," असं काहीतरी त्यांनी म्हणायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही आयुष्यात एकदा तरी जागे राहा."

शनिवारी आप्पांनी दाराची घंटा काढून ठेवली. न्यायाधीशांना उशीसकट दारातून परत पाठवलं. साहेबांनी गयावया केली, पण आप्पा बधले नाहीत. पडदे ओढले, उशांचा तट रचला आणि नातवाला गादीवर ठेवून ते भिंतीला पाठ टेकून बसले. एकही माप त्यांनी म्हटलं नाही. म्हणण्याची इच्छाच नव्हती. सून एवढी शिकली, एवढी झिजली, आणि आपल्या एका डुलकीपायी तिची जागा जाणार, या विचारानं त्यांची झोप पार उडाली होती.

नातू त्यांच्याकडे बघत बसला. मग जवळ आला आणि त्यांच्या गुडघ्यावर थोपटू लागला. पंजा पसरून, थप, थप. अगदी आप्पा थोपटत तसं. थांबून त्यांच्या तोंडाकडे बघे आणि पुन्हा सुरू करे.

आप्पा चमकले. हे मूल झोपायची नाही, झोपवायची खटपट करत होतं.

नोकरीत असताना आप्पांची एक खास युक्ती होती. खोट्या वजनाचा संशय असला, की ते कधी साहेब म्हणून दुकानात जात नसत. जुना सदरा घालायचा, हातात पिशवी घ्यायची आणि गिऱ्हाईक बनून पावशेर काहीतरी मागायचं. समोर तपासणारा नाही असं वाटलं, की काटा आपला खरा स्वभाव दाखवतो. आप्पा हळूच आडवे झाले. डोळे मिटले, म्हणजे पापण्यांमध्ये एक बारीक फट ठेवून मिटले. तोंड उघडलं. दोन-चार बनावट घोरणीही काढली.

नातू वाकून बघू लागला. त्यानं आप्पांच्या मिशा ओढल्या. आप्पा ढिम्म. त्यानं नाकात बोट घातलं. आप्पांनी शिंक कशी दाबली ते त्यांनाच ठाऊक. मग पोरानं एक भला मोठा सुस्कारा सोडला. दिवसभराचं काम उरकल्यावर आजी पोस्टातून येऊन सोडतात तसा. रांगत तो आप्पांच्या कुशीत शिरला, त्यांच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं, जांभई दिली आणि झोपला. रडणं नाही, थोपटणं नाही. रोजचं काम असावं इतक्या सहज.

आप्पांच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला. हा रोज झोपत होता! सगळ्यांना झोपवून, एकेकाची खात्री करून घेऊन मग झोपत होता, आणि सगळ्यांच्या आधी उठत होता. आणि अख्ख्या इमारतीत ते बघायला एकही माणूस शुद्धीवर नव्हता.

त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं. पण सदरा मुठीत होता. पायाला मुंग्या आल्या, हात बधिर झाला, पाठीखाली कुठलंसं खेळणं रुतत होतं. आप्पा हलले नाहीत. पोराची छाती वर जात होती, खाली येत होती, आणि ते बघत होते. जन्मात त्यांनी इतक्या बारकाईनं कुठलाही काटा पाहिला नव्हता.

लॅच वाजलं. सूनबाई आत आली, आणि आप्पा आडवे पडलेले पाहून तिचा चेहरा उतरला. तेवढ्यात आप्पांनी डोळे उघडले आणि भुवयांनी कुशीकडे खूण केली. ती चपलांसकट तिथेच खाली बसली.

"कधी झोपला?" तिनं कुजबुजत विचारलं.

"रोज," आप्पाही कुजबुजले. "रोज झोपतोय गं हा. आधी आम्हाला झोपवतो. आज मी झोपेचं सोंग घेतलं, म्हणून सापडला."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं आणि हसू आलं, पण हसता हसताच तिचे डोळे भरले. तोंडावर हात धरून ती बराच वेळ नुसती हलत होती. सवयीनं तिची बोटं पोराच्या मनगटावर गेली. मोठ्या डॉक्टरांचा फोन आला तेव्हा ती उठून स्वयंपाकघरात गेली. तिचा दबका आवाज आप्पांना ऐकू आला, "हो सर. येतेय. सोमवारी."

ती परत येऊन शेजारी बसली. "आठवडाभर मी काळजी करत होते, आप्पा, ह्याला तुमच्यावर सोपवून जायचं कसं."

"आणि आता?"

तिनं पोराच्या मुठीतलं सदऱ्याचं टोक नीट केलं, तिथंच राहू दिलं.

"आता काळजी नाही. तुम्हाला ह्याच्यावर सोपवून जाते."

एरवी असल्या बोलण्यावर आप्पांचा मानभंग झाला असता. पण आपण कोणाच्या तरी भरवशावर आहोत आणि कोणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे, हे त्यांना त्या घटकेला इतकं बरं वाटलं, की त्यांनी नुसती मान हलवली, कुशीतल्या नातवाभोवती बधिर झालेला हात सावरून घेतला आणि निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच, सूनबाईच्या देखत, मुळीच न लाजता डोळे मिटले.